भरतीचा नियम

पहिला नियम मी लाल पेनाने लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या: आधी बोलायचं, मगच फासे टाकायचे. ज्या माणसासाठी हा नियम लिहिला त्याला बोलता येत नव्हतं. आता कुणीही विचारेल, बाई, डोकं ठिकाणावर होतं का? होतं. म्हणूनच लिहिला.

बाबांना दसऱ्यानंतर झटका आला. उजवा पाय थोडाथोडा परत आला, उजवा हात मांडीवर पडून राहिला, आणि शब्द गेले ते गेलेच. कळायचं सगळं. बातम्या ऐकून कपाळाला आठ्या पडायच्या, कालवणात मीठ कमी असलं की वाटी सरकवली जायची. पण तोंडातून निघायचे दोनच शब्द, 'हाय' आणि 'न्हाय'. चिडले की एक शिवी यायची, ती मात्र अगदी खणखणीत. स्पीच थेरपीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पहिले काही महिने महत्त्वाचे. जे परत यायचं ते बहुतेक त्यातच येतं. रोज बोलतं करा त्यांना." झालं. तेव्हापासून घरातला प्रत्येक गप्प दिवस मला फुकट गेल्यासारखा वाटायला लागला.

बाईंनी चित्रांचे पत्ते दिले होते. सफरचंद, मांजर, छत्री. चाळीस वर्षं खाडीत होडी घातलेल्या माणसासमोर मी छत्रीचं चित्र धरून "बाबा, हे काय? छ... छ..." करत बसायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्ते भिरकावले आणि भिंतीकडे तोंड केलं. माझं टाळकं सटकलं. "नका बोलू," मी म्हटलं, "राहा असेच मुके." खरंच म्हटलं मी असं. त्या रात्री आईने माझं ताट वाढलं नाही आणि तिचं काही चुकलं नाही.

मग मला आमचा खेळ आठवला. मी जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये स्टॉक बघते. तिथे जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघं एक खेळ खेळतो. त्याला पट लागत नाही. एक जण सूत्रधार होतो आणि जग सांगतो: समोर दरी आहे, पूल मोडलाय, पलीकडे कुणीतरी कंदील हलवतंय. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते तोंडाने सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली तर फासे टाकायचे. बस, एवढंच. आमच्यात सूत्रधार दिघाशी गावचा एक जण, पिकिंगला, म्हणजे ऑर्डरचा माल रॅकवरून काढायला आहे. आदिवासी पाड्यातला, घरची भातशेती, आवाज इतका हळू की त्याची गोष्ट ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागतं.

त्याला गोष्टीचं वेड, मला नियमांचं. कोणत्या कामाला कितीचा आकडा लागेल, जखमी माणसाचं काय करायचं, हे मी ठरवायचे. एकदा मी नियम केला की जखमी झालात तर एक फासा कमी. दुसऱ्या दिवसापासून सगळे शूरवीर झाडामागे लपून बसले, खेळ ठप्प. मग उलटं केलं, जखमी झालात तर एक फासा जास्त. लगेच तेच भित्रे दिसेल त्याच्या अंगावर धावून जायला लागले. म्हणजे नियम बदलला की माणूस वेगळा वागतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग म्हटलं, बाबा काय आभाळातून पडलेत?

गोडाऊनमध्ये लेबलांचे खराब छापलेले कागद पडून असतात. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाबांसाठी खेळ लिहिला. जागा खाडी. बाबांचं पात्र पंचविशीतला होडीवाला, आईचं पात्र खेकडे-चिंबोऱ्या विकणारी बाई, सूत्रधार मी. प्रत्येकाला ताकद, अक्कल आणि नशीब यांचे गुण, आणि दमासाठी दहा चिंचोके. दम खर्च केला की एक चिंचोका मधल्या वाटीत टाकायचा. सापशिडीच्या डब्यातले दोन फासे घेतले. आईला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "ही तं भातुकली हाय." म्हटलं, हो, भातुकलीच, पण नियमांची. "नियम कनाला?" तिने विचारलं.  कशाला, याचं उत्तर लाल पेनाने लिहिलेलं होतंच.

पहिल्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बसलो. मी सांगितलं, तुमची होडी खाडीच्या तोंडाशी आहे, जाळं कोरडं आहे, लांबून एक मोठी होडी येतेय. काय करता? बाबांनी फाशांकडे हात नेला. मी फासे उचलून घेतले. "आधी बोला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पण पाहिलं.  शेवटी आई म्हणाली, "ते जालं टाकतान. दुसरं काय करनार?" बाबा लगेच, "हाय!" आणि फासे हिसकावून टाकलेसुद्धा. अकरा आले. काय मासळी मिळाली! आई खूश, बाबा खूश, आणि मी दात-ओठ खात मासे मोजतेय.

त्या रात्री दुसरा नियम आला: कुणाच्या वतीने कुणी बोलायचं नाही. पुढच्या रविवारी आईने दुसरी वाट काढली. तिने बोलायचं थांबवलं आणि विचारायला सुरुवात केली. "जालं टाकायचं ना?" "हाय." "खडकाकडं जायाचं?" "न्हाय." बाबांची होडी एका शब्दात अख्खी खाडी फिरून आली. मी म्हटलं, हे चालणार नाही. तिसरा नियम: हो-नाहीचे प्रश्न विचारायचे नाहीत. आई म्हणाली, "मंग मी बोलू तरी काय? लग्न झाल्यापासून मी यांना हेच इचारते." तिचं खरं होतं. आमच्या घरात बाबा कधीच फार बोलले नाहीत. विचारायचं ते आईने विचारायचं, मान हलवायची ती बाबांनी. पण तेव्हा त्यांना बोलता येत होतं आणि ते बोलत नव्हते, यात आणि आताच्यात काही फरक आहे की नाही? हे मी आईला ओरडून विचारलं. ती फासे पदराने पुसत बसली.

तिसऱ्या नियमानंतर बाबांनी खेळायचंच सोडलं, पण उठून गेले नाहीत. पाळी आली की हाताची घडी घालायची. घडी म्हणजे डाव्या हाताने उजवा उचलून छातीशी धरायचा. "काय करता?" काही नाही. "लाट येतेय." येऊ दे. मग माझा चौथा नियम: जो काही करत नाही त्याच्या होडीत पाणी शिरतं, दर पाळीला एक चिंचोका जातो. मला वाटलं आता तरी धडपडतील. बाबांनी स्वतःच्या हाताने एकेक चिंचोका उचलून वाटीत टाकला. दहावा टाकला आणि पाठ टेकून बसले. होडीवाला बुडाला. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरा होडीवाला दिला, तोही बुडाला. तिसऱ्याला मी चार चिंचोके जास्त दिले, तो थोडा उशिरा बुडाला. आणि बाबांच्या चेहऱ्याची जी बाजू हलते त्या बाजूने ते हसत होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू.

इकडे महिने सरत होते. बाईंच्या फॉर्मवर 'नवे शब्द' असा रकाना होता. दर महिन्याला मी तिथे शून्य सांगून यायचे.

सोमवारी मी सगळं दिघाशीच्या मित्राला सांगितलं. नियमांचे कागद त्याच्यापुढे टाकले आणि म्हटलं, बघ, यात चूक कुठे आहे? त्याने डबा संपवला, हात धुतले, मग चारही पानं शांतपणे वाचली. म्हणाला, "ताई, तुझ्या खेळात त्यांना करण्यासारखं काहीच नाही. जे जमत नाही तेच करायला लावतेस, आणि नाही केलं की बुडवतेस. मी असतो तर मीही बुडून मोकळा झालो असतो."

"मग काय करू? रडत बसू?"

"त्यांना काय येतं ते बघ ना," तो म्हणाला. "ते खाडीतले. तू कधी होडीत बसलीस?"

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. शहाणा मोठा. याच्या बापाला तोंड आहे, हातपाय आहेत, याला काय कळणार, असं काहीबाही मनात येत होतं. खरी मिरची झोंबली होती ती शेवटच्या प्रश्नाची. मी कधी होडीत बसलेच नव्हते.

तरी त्याचं ऐकून एक बदल केला. खेळात खाडी नीट आणायची म्हणून भरती-ओहोटी घातली. त्यासाठी तक्ता केला: पाळीच्या सुरुवातीला एक फासा टाकायचा, एक-दोन आले तर ओहोटी, तीन-चार आले तर मधलं पाणी, पाच-सहाला भरती. ओहोटीला होडी चिखलात रुतते, भरतीला लांब जाता येतं. मला तो तक्ता फार आवडला होता. छान वाटत होतं, कधी काय होईल याचा भरवसा नाही.

पुढच्या रविवारी चौथा होडीवाला घेऊन बसलो. मी फासा टाकला. सहा. "भरती आलीय," मी म्हटलं, "पाणी पार बांधापर्यंत." बाबांच्या कपाळाला आठी पडली. आईची पाळी झाली. पुन्हा फासा टाकला. एक. "ओहोटी. होडी रुतली."

"न्हाय," बाबा म्हणाले.

"बाबा, फासा आहे तो. एक आला."

"न्हाय!" डाव्या हाताने त्यांनी असा तडाखा दिला की वाटीतले चिंचोके उडाले. त्या रविवारपर्यंत त्यांनी पाळी नसताना एक अवाक्षर काढलं नव्हतं. मी म्हटलं, खेळ आहे हा, फासा म्हणतो ते खरं. त्यांनी ती शिवी दिली. मला की फाशाला, कळलं नाही. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. मी उठून गेले. "काय? रविवार? सुट्टी? गॅस?" प्रत्येकाला न्हाय. मी पानावरचे सगळे सण नि सुट्ट्या वाचून दाखवल्या तरी न्हाय. शेवटी मी म्हटलं, "मला नाही कळत, सोडा," आणि कागद गोळा करायला लागले. तेव्हा आई बसल्या जागेवरून म्हणाली, "अगं बाय, आज अष्टमी हाय. भांगाचं पानी. भांगाला पानी बांधापर्यंत कुठून येनार? ते उधानाला, पुनवेला नायतर आवसेला."

बाबांनी तिच्याकडे हात करून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, हिला कळतं आणि तुला कळत नाही.

"बरं, भांग, म्हणजे भरती लहान," मी म्हटलं. "पण आत्ता भरती आहे की ओहोटी, ते तरी फाशाने ठरवू दे?"

बाबा पुढे सरकले. सांडलेले चिंचोके त्यांनी एका हाताने गोळा केले आणि माझ्यासमोर एका रांगेत मांडले. आठ. मग चौथा काढून बाजूला ठेवला, आठवा काढून बाजूला ठेवला. सहा उरले. त्यांनी सहांवरून बोट फिरवलं आणि भिंतीवरच्या घड्याळातल्या सहाकडे दाखवलं. मी बघत राहिले. मग त्यांनी आणखी एक चिंचोका घेतला, लांब ठेवला, समुद्र असेल तिथे, आणि बोटाने सरकवत सरकवत माझ्या कागदावरच्या खाडीपर्यंत आणला. आणून सहांच्या शेजारी ठेवला. सात.

तिथी घ्यायची, तिचा चौथा हिस्सा काढायचा. उरतात तितक्या वाजता समुद्राला भरती. आपल्या गावापर्यंत पाणी चढायला वर एक तास. मी मोबाईलवर तपासलं. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे, बाकी बरोबर.

मला लाज वाटायला हवी होती, पण मी भडकले. एवढा साधा नियम, आणि मला चौतीस वर्षांत कुणी सांगितला नाही! याच घरात, याच खाडीच्या काठावर. माझे दोन्ही चुलतभाऊ दहा-बारा वर्षांचे असल्यापासून बाबांबरोबर होडीत जायचे. मी काठावर चिखलात उभी राहायचे, एकदा तर जाळ्याला धरून रडले होते, पण बाबांनी माझी बोटं सोडवली आणि गेले. मुलगी म्हणून नेत नाहीत, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. कॉलेजात, गोडाऊनमध्ये, कुणी आमच्या गावाबद्दल विचारलं की मी ही गोष्ट ठसक्यात सांगायचे. आता या माणसाच्या डोक्यात अख्खी खाडी भरलेली आहे आणि बाहेर यायला दोन शब्द आणि मूठभर चिंचोके.

"मला का नाही नेलंत कधी?" मी विचारलं. खेळात नाही, असंच विचारलं. "पोरांना नेलंत. मला का नाही?"

आईने तोंड उघडलं. मी तिचं मनगट धरलं.

बाबांचे ओठ हलले. काही आलं नाही. मी वाट बघितली, नेहमीसारखी "प्रयत्न करा, प्रयत्न करा" म्हटलं नाही. त्यांच्या गळ्याची शीर ताठ झाली, कपाळावर घाम आला. "भ्," असा आवाज निघाला. मग पुन्हा, "भ्... भ्या..." त्यांनी डोळे मिटून घेतले. बाहेर कंटेनर मागे घेताना वाजणारी शिट्टी वाजत होती आणि मला उठून त्या ड्रायव्हरच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती.

"भ्यालो," बाबा म्हणाले.

स्पष्ट म्हणाले. अगदी त्यांच्या जुन्या आवाजात.

कित्येक महिने मी एका शब्दासाठी त्यांच्यामागे हात धुऊन लागले होते. तो आला आणि मला काय करावं ते सुचेना. "पाण्याला भ्यालात?" मी विचारलं. माझाच तिसरा नियम मोडून विचारलं. "न्हाय." "लोक काय म्हणतील याला?" "न्हाय." "मी बुडेन म्हणून?"

त्यावर ते हायही म्हणाले नाहीत आणि न्हायही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, कारण डाव्या हाताने त्यांनी माझी बोटं धरली होती. मला इतका राग आला. हे तेव्हा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? जाळं सोडवताना एकदा म्हणाले असते की पोरी, मी भितो. मी समजले असते. नसते समजले, अजून रडले असते, पण निदान चोवीस वर्षं चुकीची गोष्ट सांगत फिरले नसते. हे सगळं मी त्यांना बोलून दाखवलं, रडत रडत, आणि ते ऐकत राहिले. हात सोडला नाही. मग आई चहा ठेवायला उठली.

त्यानंतर दर रविवारी भरती बाबा ठरवतात. फाशाचा तक्ता मी फाडला. पहिला नियम खोडला, बाकीचे तीनही. पण मी खोटं सांगणार नाही, त्या एका शब्दानंतर दुसरा आलेला नाही. मी अजूनही चिडते. कधी कधी त्यांना काहीतरी सांगायचं असतं, आम्ही वीस प्रश्न विचारतो, वीसही न्हाय, आणि ते थकून मान फिरवतात. ते काय होतं हे आम्हाला कधीच कळणार नाही.

महिन्याच्या शेवटी बाईंकडे गेलो. त्यांनी फॉर्म काढला. "नवे शब्द किती?"

"एक," मी म्हटलं.

त्यांनी रकान्यात एक लिहिला. "कमी आहे हो. बाबा, पुढच्या वेळी निदान दहा करूया हं? प्रयत्न करायचा." अगदी माझाच सूर. रोज याच सुरात मी घरी बोलत आले होते, आणि समोरच्या खुर्चीत बसून तो ऐकताना कसं वाटतं ते मला आत्ता कळत होतं. बाबा जमिनीकडे बघत होते.

"कोणता आला?" बाईंनी पेन टेकवून विचारलं.

बाबांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"घरातला आहे," मी म्हटलं. "नका लिहू."